टाकीपासून इंजिनापर्यंत

जुन्या चाळींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बिऱ्हाडाला एक अनुभव रोजचाच असतो. पहांटे खालचे मजले झोपेंत असतात तेव्हां वरचा नळ धो धो वाहतो. आणि सहा-सात वाजतां साऱ्या चाळीचे नळ एकदम उघडले कीं त्याच नळाला करंगळीएवढी धार उरते. नळ तोच, पाणीही तेंच. वाढलेली असते ती फक्त मागणी. अशा वेळीं आपल्या मोरींत मोठ्या तोंडाची नवी तोटी आणून बसविणाऱ्यास शेजारी हंसल्यावांचून राहत नाहींत. कारण उणीव तोटींत नसून रस्त्यापासून वरपर्यंत आलेल्या नळांच्या वाटेंत कोठें तरी असते, हें सर्वांस ठाऊक असतें.

जुन्या मोटारींचा शोक असलेल्या मंडळींच्या हातून मात्र हीच चूक वारंवार होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वींचें इंजिन सोडवून, त्याची शक्ति दुप्पट-तिप्पट करून तें पुन्हां मोटारींत बसविलें जातें; त्यावर मोठा, चकचकीत कार्ब्युरेटर चढविला जातो; आणि मागच्या टाकीपासून त्या कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल आणणारी सामग्री, म्हणजे नळी, गाळणी आणि पंप, जुन्या इंजिनाच्या मापाचीच राहते. याचा परिणाम केवळ मोटार कमी धांवण्यांत होत नाहीं. पुरेसें पेट्रोल न मिळालेलें मोठें इंजिन स्वतःलाच जाळून घेतें. महिनेच्या महिने खपून आणि पुष्कळ पैसा ओतून उभें केलेलें यंत्र कांहीं सेकंदांत निकामी होतें. म्हणून पेट्रोलच्या या वाटेचा विचार शेवटीं करावयाचा नसून आरंभींच करावयाचा असतो.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत ही वाट अगदीं सोपी होती. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९०८ पासून १९२७ पर्यंत बनविलेल्या ‘मॉडेल टी’ मोटारींत पेट्रोलला पंप असा नव्हताच. टाकी उंचावर, कार्ब्युरेटर तिच्याहून खालीं. पेट्रोल आपल्याच भारानें उतरून येई. इंजिन अवघें वीस अश्वशक्तीचें, तेव्हां एवढ्यावर भागे. मात्र चढ फार उभा असला आणि टाकींत पेट्रोल थोडें उरलें असलें, तर मोटारीचें नाक वर होऊन टाकी कार्ब्युरेटरच्या खालीं जाई आणि इंजिन बंद पडे. मग चालक मोटार वळवी आणि उलट्या गतीनें, पाठ पुढें करून, चढ चढून जाई. इंजिनाची ताकद शिल्लक असूनही केवळ वाट चुकल्यामुळें तें उपाशी राहतें, हा धडा तेव्हांच मिळालेला होता. पुढें टाकी मोटारीच्या मागच्या टोकास गेली, इंजिन पुढेंच राहिलें, आणि दोहोंमधील अंतर तोडण्यासाठीं पंप आवश्यक झाला.

या विषयाचें उत्तम उदाहरण म्हणून शेव्हरोलेटच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाकडे बोट दाखवितां येईल. शेव्हरोलेट हें नांव मुंबईकरांना परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. त्याच शेव्हरोलेटनें अमेरिकेंत १९५५ सालच्या मोटारींसाठीं एक नवें इंजिन बाजारांत आणलें. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें मांडलेल्या, बांधा आटोपशीर, वजन हलकें. त्या वेळीं शेव्हरोलेटचे मुख्य इंजिनीयर एड कोल हे होते. पहिल्या वर्षीं या इंजिनाचें आकारमान २६५ घन इंच, म्हणजे सुमारें ४.३ लिटर, होतें आणि साध्या प्रकारांत त्याची शक्ति १६२ अश्वशक्ति सांगितली जाई. १९५७ सालीं २८३ घन इंचांच्या इंजिनानें इंधन-फवाऱ्याच्या साहाय्यानें २८३ अश्वशक्ति गांठली. १९६७ सालीं ३५० घन इंचांचें इंजिन आलें. आणि १९७० सालीं कॉर्व्हेट मोटारींतील त्याच्या एका प्रकाराची शक्ति ३७० सांगितली गेली. हे आंकडे पंखा वगैरे शक्ति खाणारीं उपांगें काढून ठेवून मोजलेले असत. मोटारींत प्रत्यक्ष मिळणारी शक्ति त्याहून बरीच कमी भरे. १९७२ सालापासून अमेरिकन कंपन्यांनीं मोजण्याची अधिक प्रामाणिक रीत स्वीकारली.

हींच इंजिनें आज हौशी मंडळींच्या हातीं आहेत. ३५० घन इंचांच्या इंजिनाचे सिलिंडर किंचित् कोरून आणि लांब हेलकाव्याचा क्रँकशाफ्ट घालून तें ३८३ घन इंचांचें करणें ही तिकडे रूढ रीत झाली आहे. त्यावर अधिक मोकळीं अॅल्युमिनियमचीं डोकीं, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट आणि मोठा कार्ब्युरेटर बसविला म्हणजे तें इंजिन पांचशें अश्वशक्तीपर्यंत जाऊं शकतें. आतां प्रश्न असा, कीं १६२ अश्वशक्तीसाठीं आंखलेली वाट पांचशेंना पुरेल काय?

याचें उत्तर साध्या अंकगणितानें मिळतें. पूर्ण जोरावर चालणारें असें इंजिन दर अश्वशक्तीमागें तासाला सुमारें अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशें ग्रॅम, पेट्रोल खातें. यावरून १६२ अश्वशक्तीला तासास सुमारें ३७ किलो, म्हणजे ५० लिटर, पेट्रोल लागतें. पांचशें अश्वशक्तीला ११३ किलो, म्हणजे १५३ लिटर. मिनिटाचा हिशेब केला तर अडीच लिटरांहून थोडें अधिक. ज्या वाटेनें पूर्वीं मिनिटाला पाऊण-एक लिटर जात असे, त्याच वाटेनें आतां तिप्पट पेट्रोल जावयास हवें. अर्थात् कोणीही तासभर पूर्ण जोरानें मोटार चालवीत नाहीं. परंतु ज्या दहा-बारा सेकंदांत चालवितो, त्या दहा-बारा सेकंदांत पुरवठा याच वेगानें व्हावा लागतो.

या इंजिनांवर पेट्रोल ओढण्यासाठीं जो पंप असे, तो लहानसा पण मोठ्या युक्तीचा आहे. इंजिनाच्या पुढच्या भागीं, उजव्या अंगाला तो बसविलेला असतो. झडपा हलविणाऱ्या कॅमशाफ्टवर मध्य सोडून एक उंचवटा ठेवलेला असतो; तो फिरतांना एका दांडीस रेटतो, दांडी तरफेस रेटते आणि तरफ पंपांतील रबरी पडदा ओढते. पडदा ओढला गेला कीं पंपांत पोकळी होऊन टाकीकडून पेट्रोल येतें. येथपर्यंत काम इंजिनाचें. पडदा परत ढकलून तें पेट्रोल पुढें पाठविण्याचें काम मात्र एक स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोलचा एक लहान हौद असतो आणि घरच्या पाण्याच्या टाकींतील तरंगत्या गोळ्याप्रमाणें त्यांतही एक फ्लोट असतो. हौद भरला कीं फ्लोट वर येऊन एका सुईनें पेट्रोलचें तोंड बंद करतो. तोंड बंद झालें म्हणजे स्प्रिंगला पडदा ढकलतां येत नाहीं, तरफ नुसतीच हलत राहते आणि पंप आपोआप स्वस्थ बसतो. पेट्रोल किती दाबानें पाठवावयाचें हेंही तीच स्प्रिंग ठरविते. हा दाब बहुधा दर चौरस इंचास पांच ते सात पौंड असतो. याहून फार अधिक दाब झाला तर सुई मागें लोटली जाऊन हौद ओसंडून वाहूं लागतो.

या युक्तींतच तिची मर्यादाही आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे करीत असतां पंपाला सेकंदास पन्नास वेळां पडदा हलवावा लागतो. एवढ्या घाईंत मऊ स्प्रिंगला पडदा पुरता परत ढकलण्यास अवधि मिळत नाहीं आणि ज्या वेळीं पेट्रोल सर्वांत जास्त हवें असतें त्याच वेळीं पंप मागें पडतो. मोठ्या पडद्याचे व कडक स्प्रिंगचे यांत्रिक पंपही मिळतात आणि मध्यम शक्तीच्या मोटारीला तेच बसविणें सोयीचें पडतें. कारण त्यांस वीज लागत नाहीं आणि इंजिन थांबलें कीं तेही थांबतात. परंतु पांचशेंच्या आसपास पोहोंचलेल्या इंजिनाला बहुधा दुसरा मार्ग शोधावा लागतो.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते आणि पुष्कळ जाणते लोकही तिला फसतात. नवें इंजिन बसविलेली मोटार गांवांतून उत्तम चालते. अॅक्सिलरेटर क्षणभर दाबला तर ती उसळी घेते. दाबमापकाचा कांटा पाहिला तर तोही सहा पौंडांवर स्थिर दिसतो. मग पुरवठा कमी कसा? याचा उलगडा त्या हौदांत आहे. अशा कार्ब्युरेटरच्या दोन हौदांत मिळून पाव लिटर पेट्रोल मावतें असें धरलें, तर पांचशें अश्वशक्तीचें इंजिन तें सहा सेकंदांत संपवितें. या सहा सेकंदांपुरती उसनवारी हौद करतो आणि वाटेची उणीव झांकली जाते. अमेरिकेंत लोकप्रिय असलेली सरळ रस्त्याची शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरांची, असते. चांगल्या मोटारीला ती पुरी करण्यास बारा-तेरा सेकंद लागतात. पहिला अर्धा भाग मोटार बाणासारखी जाते आणि उत्तरार्धांत, वेग भर असतांना, इंजिन एकाएकीं मंदावतें. दोष कार्ब्युरेटरला किंवा ठिणगीच्या योजनेला दिला जातो. खरा दोष मागें टाकीकडे असतो.

दाब आणि प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें ध्यानांत ठेवावें लागतें. तोटी बोटानें बंद केली तर बारीक नळांतही बोटाला दाब जाणवतो. पण त्याखालीं बादली ठेवली तर ती भरतां भरत नाहीं. इंजिन मंद चालत असतांना मापकावर दिसणारा दाब हा त्या बंद तोटीचा दाब होय. खरी परीक्षा पूर्ण जोरावर, तीही कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं, व्हावी लागते.

मंदावलेलें इंजिन नुसतें मंदावत असतें तर एक वेळ चाललें असतें. पण येथेंच नाश आरंभतो. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. तथापि पूर्ण जोरावर इंजिनाला मुद्दाम अधिक पेट्रोल, म्हणजे सुमारें १२.५ किलो हवेस एक किलो, द्यावें लागतें. हें जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना उष्णता शोषून घेतें आणि आंतील भाग सांभाळतें. पुरवठा तुटला कीं हवा तेवढीच येत राहते, पेट्रोल मात्र घटतें. मिश्रण पातळ होतें आणि उष्णता वाढते. जळणाऱ्या वायूची उष्णता दोन हजार अंशांच्या वर असते, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतें. तरीही पिस्टन टिकतो, याचें कारण त्याच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, निश्चल थर राहून तो त्याचें रक्षण करतो. पातळ मिश्रणामुळें ज्वालेची वाट न पाहतां आंतील वायु ठिकठिकाणीं एकदम पेटूं लागला, म्हणजे घणाच्या घावांसारखे ठोके बसतात आणि तो रक्षक थर उडून जातो. मग पिस्टनच्या कडा तुटतात किंवा माथ्याला भोंक पडतें. इंजिन उघडल्यावर हें दिसतें; परंतु पेट्रोलची नळी बारीक होती हें त्या भोंकावर कोठें लिहिलेलें नसतें, आणि तीच नळी ठेवून इंजिन दुसऱ्यांदां बांधल्याचीं व पुन्हां जाळल्याचीं उदाहरणें घडतात.

म्हणून टाकीपासून आरंभ करून वाटेचा एकेक टप्पा तपासणें हाच राजमार्ग होय. पहिला टप्पा खुद्द टाकी. तिच्या आंत तळापर्यंत गेलेली एक नळी असते आणि तिच्या टोकाला बारीक जाळी असते; जुन्या टाकींतील गंज आणि गाळ त्या जाळींत वर्षानुवर्षें सांचलेला असतो. टाकींत हवा येण्याचा मार्गही तितकाच महत्त्वाचा. जेवढें पेट्रोल बाहेर जातें तेवढी हवा आंत आली नाहीं, तर टाकींत पोकळी होऊन कसलाही पंप हतबल होतो. मोठ्या इंजिनाची मागणी तिप्पट झाली, पण हवेचें छिद्र जुनेंच राहिलें, असा प्रकार पुष्कळदां आढळतो.

दुसरा टप्पा नळीचा. जुन्या मोटारींतून ती बहुधा ५/१६ किंवा ३/८ इंच व्यासाची असे. ३/८ च्या जागीं अर्ध्या इंचाची नळी घातली तर व्यास तृतीयांशानेंच वाढतो. पण तेवढेंच पेट्रोल नेतांना वाया जाणारा दाब सुमारें चतुर्थांशावर येतो. वळणें मात्र सौम्य ठेवावीं लागतात. काटकोनांतील एखादा अरुंद सांधा साऱ्या मोठ्या नळीचा लाभ बुडवूं शकतो.

तिसरी अडचण नकाशावर दिसत नाहीं. ती मोटार धांवूं लागली कीं उत्पन्न होते. मोटार जोरानें पुढें झेपावते तेव्हां आंत बसलेला मनुष्य जसा आसनाच्या पाठीवर ढकलला जातो, तसेंच नळींतील पेट्रोलही मागें रेटलें जातें. टाकी आणि इंजिन यांत तीन मीटरांचें अंतर असलें आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्यानें होत असली, तर या रेट्यानें दर चौरस इंचास दीड पौंडाहून अधिक दाब खर्ची पडतो. वेगवाढ गुरुत्वाकर्षणाइतकी झाली तर तीन पौंडांहून अधिक. सहा पौंडांच्या पुंजींतून तीन पौंड असे जाणें म्हणजे अर्धी मिळकत प्रवासखर्चांत संपण्यासारखें आहे.

चौथी अडचण उष्णतेची. उन्हाळ्यांत मिळणाऱ्या पेट्रोलची वाफ ३८ अंशांनाच दर चौरस इंचास सुमारें सात ते नऊ पौंडांचा दाब देते, आणि इंजिनाजवळची उष्णता याहून पुष्कळ अधिक असते. यांत्रिक पंप इंजिनावर बसून मागून पेट्रोल ओढतो, आणि ओढणें म्हणजे दाब कमी करणें. दाब कमी झाला कीं द्रव लौकर उकळतो. नळींत वाफेचे बुडबुडे झाले म्हणजे पंप वाफच ओढीत बसतो आणि पेट्रोल पुढें सरकत नाहीं. खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर अॅम्बॅसिडरचें किंवा फियाटचें टोपण उघडून पंपावर ओलें फडकें टाकणारे चालक जुन्या पिढीनें पाहिलेले आहेत. ते याच वाफेशीं झगडत असत.

या दोन्ही अडचणींवर एक उपाय लागू पडतो: पंप इंजिनापासून काढून मागें, टाकीच्या जवळ आणि शक्य तितका खालीं बसवावयाचा. तेथें उष्णता कमी असते, आणि तेथून पेट्रोल ओढीत न आणतां ढकलीत नेलें जातें. सारी नळी दाबाखालीं राहिल्यामुळें वाफ होण्यास सहसा वाव उरत नाहीं. इंजिनापासून दूर गेलेला पंप अर्थात् विजेवर चालवावा लागतो.

विजेचा पंप विकत घेतांना डब्यावरील मोठा आंकडा पाहून भुलून चालत नाहीं. तो आंकडा पुष्कळदां मोकळ्या नळीचा, दाब मुळींच नसतांनाचा असतो. दाब चढला कीं प्रवाह घटतो. आवश्यक त्या दाबाला किती पेट्रोल मिळतें, हें पाहून त्यावर चतुर्थांश तरी जास्त क्षमता ठेवावी. विजेचाही हिशेब हवाच. साडेतेरा व्होल्टवर मोजलेला पंप जुन्या, बारीक तारेच्या टोकाला अकरा व्होल्टवर चालला तर तो तेवढें काम कसें करणार? म्हणून बॅटरीपासून जाड तार, मध्यें फ्यूज व रिले, आणि मोटारीच्या धातूला चांगला जोड, एवढी तयारी असावी लागते. पंपाच्या आधीं मोठ्या छिद्रांची, सुमारें शंभर मायक्रॉनची गाळणी आणि पंपाच्या नंतर बारीक गाळणी असा क्रम ठेवतात; बारीक गाळणी आधीं घातली तर पंपाच्या तोंडाशींच अडथळा होऊन उकळण्याचा त्रास परत येतो.

असा पंप सहा पौंडांहून अधिक दाब देऊं शकतो. म्हणून कार्ब्युरेटरच्या अलीकडे दाब-नियामक बसवावा लागतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला नुसता वाट अडवून दाब उतरवितो. दुसरा जास्तीचें पेट्रोल निराळ्या नळीनें परत टाकींत धाडतो. दुसरा प्रकार खर्चाचा असला तरी चांगला. कारण त्यांत पेट्रोल सतत फिरतें राहून नळी थंड राहते आणि पंपालाही बंद दाराशीं झगडावें लागत नाहीं. मात्र परतीची नळी ऐसपैस हवी, नाहीं तर तीच अडून दाब वर चढतो. सरतेशेवटीं कार्ब्युरेटरची सुई आणि तिचें भोंक. ०.०९७ इंचाच्या जागीं ०.११० इंचाचें भोंक घेतलें तर वाट सुमारें २९ टक्क्यांनीं रुंद होते. सारी वाट मोठी करून हें शेवटचें दार जुनेंच ठेवणें म्हणजे राजवाड्याला खिडकीएवढा दरवाजा ठेवणें होय.

सुरक्षिततेचा विचार येथें गौण समजतां येत नाहीं. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. विजेच्या पंपाला तें कळत नाहीं. मोटार उलटली, नळी तुटली आणि चालक बेशुद्ध पडला, तरी तो पंप मिनिटाला दोन-तीन लिटर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ओतीत राहील. म्हणून इंजिनांतील ऑइलचा दाब गेला कीं पंप बंद करणारा एक स्विच आणि आघात होतांच वीज तोडणारा दुसरा स्विच, असे दोन्ही पहारेकरी नेमावे लागतात. पेट्रोलची नळी बैठकीच्या भागांतून नेऊं नये, एक्झॉस्टजवळून नेऊं नये, आणि जेथें ती पत्र्यांतून जाते तेथें रबरी कडें घालावें. पत्र्याची धार धातूच्या नळीलाही कापते.

अलीकडे या प्रश्नांत इथेनॉलची भर पडली आहे. अमेरिकेंत पेट्रोलमध्यें दहा टक्के इथेनॉल मिसळणें सर्वसाधारण आहे, आणि भारतानें २०२५ सालीं वीस टक्क्यांचें उद्दिष्ट गांठलें. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत आजोबांची मोटार अजून निगुतीनें सांभाळली जाते, तेथेंही हा विषय येऊन पोहोंचला आहे, मग ती मोटार चाळीस अश्वशक्तीची कां असेना. इथेनॉलला जळण्यास हवा कमी पुरते; म्हणून तेवढ्याच हवेबरोबर वीस टक्के मिश्रणाचें इंधन साध्या पेट्रोलपेक्षां सुमारें आठ-नऊ टक्के अधिक द्यावें लागतें. जुन्या कार्ब्युरेटरचें माप न बदलतां तें वापरलें तर मिश्रण तितकें पातळ होतें. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवितें किंवा मऊ करतें, टाकींतील जुना लेप व गाळ सोडवून गाळणींत आणून टाकतें, आणि हवेंतील ओल शोषून घेतें. तेव्हां जुन्या मोटारींतील रबरी नळ्या, पंपाचा पडदा व सुईचें टोक इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याचें आहे किंवा नाहीं, हें पाहणें आतां शर्यतीच्या शौकीनांपुरतें राहिलेलें नाहीं.

कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागीं विद्युन्नियंत्रित इंधन-फवारा बसविण्याची रीतही आतां प्रचारांत आहे. फवारा मिश्रणाचें माप स्वतःच सांभाळतो, पण त्याला दर चौरस इंचास चाळीस ते साठ पौंडांचा दाब लागतो. सहा पौंडांसाठीं पट्टी आवळून बसविलेली जुनी रबरी नळी तेथें ठेवणें म्हणजे आगीला निमंत्रण. फवाऱ्याच्या योजनेंत पंप टाकीच्या आंतच, पेट्रोलमध्यें बुडालेला ठेवणें उत्तम. तो थंड राहतो आणि आवाजही कमी करतो. वळणावर पेट्रोल एका बाजूस गेलें तरी पंपाचें तोंड उघडें पडूं नये, म्हणून टाकींत आडवे पत्रे घालावे लागतात.

एवढें सारें झाल्यावर परीक्षा कशी करावयाची? ती फार सोपी आहे. मोटार उघड्या जागीं, इंजिन थंड असतांना, विस्तव व ठिणगी यांपासून दूर उभी करावी. आग विझविण्याचें साधन हाताशीं असावें. नियामकापुढची नळी कार्ब्युरेटरपासून सोडून, तिला कामाच्या दाबाइतका अडथळा ठेवून, मापाच्या धातूच्या भांड्यांत सोडावी आणि पंप एक मिनिट चालवावा. पांचशें अश्वशक्तीच्या इंजिनासाठीं भांड्यांत निदान सव्वातीन लिटर पेट्रोल जमलें पाहिजे. त्याहून कमी जमलें तर टाकीकडून एकेक टप्पा सोडवीत यावें. ज्या टप्प्यावर धार घटते तेथेंच दोष. यानंतर रस्त्यावर पूर्ण जोरानें चालवून कार्ब्युरेटरशीं दाब किती टिकतो तें पाहावें, आणि एक्झॉस्टमधील प्राणवायु मोजणाऱ्या मापकावर मिश्रणाचें प्रमाण तपासावें. पहिल्या सहा सेकंदांवर विश्वास ठेवूं नये. शेवटच्या सहांवर ठेवावा.

जुन्या मोटारीच्या धन्यापुढें अखेर आणखी एक प्रश्न उभा राहतो. मूळचा पंप आणि मूळची नळी हाही त्या मोटारीच्या इतिहासाचा भाग आहे. तो काढतांना कांहीं तरी गमावलें जातें. यावर समंजस मंडळी असा तोडगा काढतात, कीं नवी नळी जुन्याच खिळ्यांच्या भोंकांत बसवावयाची, चौकटीला नवें भोंक पाडावयाचें नाहीं, आणि काढलेला प्रत्येक भाग पुसून, कागदांत गुंडाळून, नांव घालून ठेवावयाचा. पुढच्या पिढीला मोटार तिच्या मूळ रूपांत हवी असली तर ती तिला परत मिळावी. परंतु ज्यानें इंजिनाची शक्ति तिप्पट केली, त्यानें वाट जुनीच ठेवली, तर पुढच्या पिढीच्या हातीं जुना पंप तेवढा राहील. इंजिन राहणार नाहीं. म्हणून चकचकीत कार्ब्युरेटरची किंमत विचारण्यापूर्वीं मापाचें एक भांडें आणि हातांतलें घड्याळ यांचा सल्ला घ्यावा, हें बरें.